उशिरा वळवली तरी वळणारी गाडी

गाडीत काहीही दोष नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तेल, स्प्रिंग आणि पिस्टन आले की कुणी त्यांत उत्तर शोधत बसायला नको. दोष माझ्या भावाच्या डोळ्यांत होता. मी तो सात महिने गाडीत शोधला, आणि खरं सांगायचं तर इतकं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बावीस वर्षं शहरातली बस चालवतोय, त्यातली चौदा एकाच मार्गावर. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. हे सांगितलं की लोक हसतात, पण ज्यांचे स्वतःचे दात शाबूत आहेत तेच हसतात. मला लहानपणापासून बारीक कामाची खोड, आणि दादाला चाकं असलेली कुठलीही वस्तू दिसली की ती पळवायची. आई म्हणायची, हा मोडणार आणि ही जोडणार, यांचा जन्म असाच जायचा. आई गेली, पण आमचं ते तसंच चालू राहिलं.

दर रविवारी आम्ही रेसला जातो. रेस म्हणजे रिमोटच्या गाड्यांची. त्यांना खेळणं म्हटलेलं दादाला खपत नाही, एकदा मेव्हण्याने म्हटलं तर दादा त्याच्याशी दोन महिने नुसतं हो-नाही इतकंच बोलत होता. गाडी हातभर लांब, चाकांना काटेरी टायर. फरशीच्या गोदामामागे मोकळी जागा आहे, तिथे आमचा मातीचा ट्रॅक. उंचवटे, खड्डे, वळणं, आणि कडेने काळे प्लास्टिकचे पाइप अर्धे पुरलेले. चालवणारे एका लाकडी मचाणावर ओळीने उभे राहतात आणि पाच-सहा गाड्या एकदम सुटतात. एरवी चारचौघांत मान वर न करणारी माणसं तिथे जिभेचं टोक बाहेर काढून उभी असतात.

चालवायचं दादाने आणि बांधायची मी, अशी आमची वाटणी. आणि बांधण्यातलं खरं काम शॉकअपचं. चार चाकांना चार शॉकअप. करंगळीएवढी नळी, आत तेल, तेलात भोकं पाडलेला पिस्टन, बाहेरून स्प्रिंग. गाडी उडीवरून खाली आली की पिस्टन तेलातून दाबला जातो आणि धक्का तिथल्या तिथे मुरतो. तेल पातळ पडलं तर गाडी खाली येऊन पुन्हा उसळते, जाड पडलं तर बारक्या खड्ड्यांवर चाकं थडथडत जातात आणि मातीला धरतच नाहीत. तेलात एक बुडबुडा राहिला तरी सगळं मुसळ केरात. आमच्या लॅबमध्ये प्लास्टर ढवळताना त्यातली हवा काढायला व्हॅक्यूमचं भांडं असतं, मी शॉकअप त्यात ठेवून बुडबुडे काढते. ज्यांच्या कवळ्या त्या भांड्यातून गेल्या त्यांना हे माहीत नाही, आणि कळून त्यांना काही फरक पडणार नाही.

या कामाचा एक नियम आहे. शॉकअप जोडीने बांधायचे. डावा आणि उजवा अगदी सारखे. बांधून झाले की दोन्ही टोकाला टोक लावून दोन तळहातांत धरायचे आणि दाबायचे. दोन्ही बरोबरीने आत गेले तर जोडी जमली. एक जरी आधी माघार घेऊ लागला तर दोन्ही उघडायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. हा नियम मला कुणी शिकवला नाही, तो मीच दहा वर्षांत शिकले, आणि त्याबद्दल ट्रॅकवर मी लोकांची पुष्कळ डोकी खाल्ली आहेत.

दादाने पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा हंगाम नुकताच सुरू झाला होता. ट्रॅकच्या पलीकडच्या अंगाला मोठी उडी आहे. उडी मारून गाडी मचाणावरून बघताना डावीकडे जाते आणि अगदी डाव्या टोकाला एक आवळ वळण आहे. दादा म्हणाला, उडीनंतर गाडी सावरायला वेळ लावते, वळेपर्यंत पाइपला लागते. त्या दिवशी तीनदा लागली होती. मी ते वहीत लिहिलं. माझी एक वही आहे, तारीख, तेलाचा नंबर, स्प्रिंग, आणि दादा काय म्हणाला ते. घरी येऊन पुढच्या दोन शॉकअपचं तेल थोडं जाड केलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग पिस्टन बदलला. मग स्प्रिंग. मग मागची उंची कमी केली. दर वेळी थोडा फरक पडायचा, दोन रविवार बरे जायचे, आणि मग गाडी पुन्हा त्याच पाइपला, त्याच जागी. मला त्या वळणाचा इतका राग आला होता की मी एकदा दुपारी एकटी जाऊन तिथली माती हाताने चाचपून आले. माती बरी होती. बाकीच्यांच्या गाड्या तिथून सुखाने जात होत्या.

त्या वेळी एका शहाण्या माणसाने विचारलं असतं की बाई, बाकी सगळीकडे गाडी नीट चालते आणि एकाच टोकाला बिघडते, तर बिघाड गाडीत कसा असेल? पण आमच्यात शहाणी माणसं नाहीत. आमच्याकडे गाडी आदळली की आधी तेल बघतात, मग स्प्रिंग, मग टायर. चालवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. चालवणाऱ्याला कमी लेखायचं म्हणजे भांडण, आणि रविवारी भांडायला कुणी येत नाही. शिवाय दादा बसवाला. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही. त्याच्या नजरेबद्दल शंका घेणं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

चौथ्या महिन्यात मी माझाच नियम मोडला. डावीकडे वळताना गाडीचा सगळा भार उजव्या बाजूवर येतो. मी उजवीकडचे दोन्ही शॉकअप डावीकडच्यांपेक्षा कडक केले. जोडी अशी राहिलीच नाही. तळहातांत धरून दाबले तर डावा बिचारा लगेच आत जायचा. पण आता त्या वळणावर गाडी झुकेना, आणि दादाने अगदी शेवटच्या क्षणी रिमोट फिरवला तरी ती जागच्या जागी वळून जाऊ लागली. उजवीकडच्या वळणांना थोडी कुरकुरायची, पण तिकडे दादाला तक्रार नव्हती. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘उशिरा वळवली तरी वळते’, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्या दिवशी दादा दुसरा आला. मचाणावरून उतरला आणि सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “आमच्या बारकीने गाडीत जीव घातलाय.” बारकी म्हणजे मी. मी बेचाळीस वर्षांची आहे. माझी छाती अशी फुगली की आठवडाभर लॅबमध्ये मी कुणाचं उलटून बोलणं मनाला लावून घेतलं नाही.

आमच्यात एक पंक्चरवाला आहे. टायरचं दुकान चालवतो, तोंडाचा फटकळ, पण हात असा की त्याच्यासारखी गाडी कुणी चालवत नाही. त्याने दादाकडून रिमोट मागून घेतला आणि दोन फेऱ्या मारल्या. खाली आला आणि मला म्हणाला की ही गाडी लंगडी आहे, डावीकडे पळते आणि उजवीकडे नवऱ्या मुलासारखी आढेवेढे घेते. असं कुणी बांधतं का? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्याला ऐकवलं की प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आणि दादाच्या हाताला हीच बसते. तो खांदे उडवून निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, की दादा तिथे इतक्या उशिरा का वळवतो ते एकदा विचार. मी विचारलं नाही. ते ऐकलं आणि सोडून दिलं, कारण ते पंक्चरवाला म्हणाला होता.

आणखी तीन महिने असे गेले. दर दोन-तीन आठवड्यांनी ते वळण पुन्हा त्रास देऊ लागायचं आणि मी उजवी बाजू आणखी एका नंबराने जाड करायची. दादा कधी दुसरा, कधी तिसरा. दोनदा पहिलासुद्धा.

आमच्याकडे एक रीत आहे. आपली रेस झाली की पुढच्या रेसला ट्रॅकच्या आत उभं राहायचं आणि कुणाची गाडी उलटली तर धावत जाऊन ती सरळ करून द्यायची. त्याला मार्शल म्हणतात. नारिंगी जाकीट घालायचं आणि नेमून दिलेल्या जागी उभं राहायचं. पहिला आलेला असो की शेवटचा, यातून कुणाची सुटका नाही. त्या रविवारी दादा मार्शल होता आणि मी टेबलावर एक शॉकअप उघडून बसले होते. मचाणावरून पंक्चरवाल्याचा आवाज आला, मार्शल. मग पुन्हा, जरा मोठ्याने. मी मान वर केली. त्याची गाडी दादापासून चार पावलांवर, डावीकडे, उताणी पडून चाकं फिरवत होती. दादा तिला शोधत होता. उजवीकडे बघत होता, समोर बघत होता, पलीकडच्या वळणावर बघत होता.

लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, दादा, झोपलास काय. तेवढ्यात दुसरी एक गाडी डावीकडून आली आणि सरळ त्याच्या नडगीवर आदळली. दादा कळवळून खाली बसला. हसू आणखी वाढलं. तोही हसला.

मी हसले नाही. माझ्या हातातल्या शॉकअपचं तेल माझ्या मांडीवर सांडलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं. रेस संपल्यावर मी जाऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले, खांद्यापासून हातभर लांब, आणि तोंडातून शब्द न काढता हात वर केला. मग हलवला. तो समोर बघत नडगी चोळत होता. मी हात हळूहळू पुढे आणला, त्याच्या नाकासमोर येईपर्यंत. तेव्हा तो दचकला आणि म्हणाला, “अगं, केव्हा आलीस?” सात महिन्यांचं सगळं एकदम कळलं, एकेक तारखेसकट.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एक यंत्र आहे. त्यात हनुवटी टेकवून एक डोळा झाकायचा. आत इकडे-तिकडे बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले होते. मला दिवे दिसत नव्हते, फक्त बटणाचा आवाज येत होता. दादाने ते बटण रिमोट धरतो तसं धरलं होतं. आधी टक, टक, टक. मग यंत्राची नुसती घरघर आणि बटण गप्प. मी मोजायला लागले आणि मग मोजायचं थांबवलं. एकदा तर इतका वेळ गेला की दादाने विचारलं, यंत्र बंद पडलं का?

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. डावा डोळा जवळजवळ गेलेला, फक्त मधला तुकडा शिल्लक. उजव्याचीही नाकाकडची बाजू गेली होती, म्हणून डावीकडचं कुठल्याच डोळ्याला दिसत नव्हतं. समोरचं मात्र स्वच्छ. दर वर्षी डेपोच्या तपासणीत समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायची असतात, ती तो आजही घडाघडा वाचतो. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही. थेंब नेमाने घातले तर आहे ते टिकवायचा प्रयत्न करता येईल.

मग त्यांनी विचारलं, “हे एका दिवसात होत नाही. काहीच जाणवलं नाही? डावीकडे कशावर आदळणं, घासणं?”

“नाही,” दादा म्हणाला.

“आदळत होतं,” मी म्हणाले. “मी ते बंद केलं.”

डॉक्टरांना काही कळेना. मग मी वही काढली. गाडी, उडी, डावं वळण, जाड तेल, सगळं सांगितलं, आणि सांगताना माझ्या कानांना ते इतकं पोरकट वाटत होतं की मध्येच गप्प बसावंसं वाटलं. ते हसले नाहीत. एकेक पान उलटत गेले. जिथपर्यंत डाव्या आणि उजव्या बाजूचे आकडे सारखे होते तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, या सुमाराला आला असतात तर उजवा डोळा तरी पुरता हातात असता. एवढं बोलून त्यांनी वही मिटून मला परत दिली. मला रडायलासुद्धा लाज वाटली.

बस चालवणं आजपासून बंद, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि डेपोच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. दादाने ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. घरी जाताना तो रस्ताभर उजवीकडच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होता.

चिठ्ठी त्याने दिली नाही. सोमवारी पहाटे उठून दाढी केली, थेंब घातले, चिठ्ठी पुन्हा शर्टाच्या खिशात ठेवली आणि ड्युटीवर निघून गेला. वहिनीने मला फोन केला. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते खाली आणि मी वर, पण तिला जिना चढायचं त्राण नव्हतं. म्हणाली, “वन्सं, तुमचं ते ऐकतात. माझं ऐकून त्यांनी आजवर छत्रीसुद्धा बरोबर नेलेली नाही.”

संध्याकाळी मी खाली गेले. आधी समजावलं, मग भांडले, मग हात जोडले. दादा शांतपणे ऐकत होता. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याचं म्हणणं एकच, तो रस्ता मला तोंडपाठ आहे, चौदा वर्षांत तिथला खड्डान् खड्डा माझ्या ओळखीचा आहे. मी म्हटलं, खड्डे ओळखीचे असतील, माणसं रोज वेगळी असतात. त्यावर तो म्हणाला, “मला थोडे दिवस दे बारके. मीच देईन चिठ्ठी. ते स्टिअरिंग सुटलं की मी कोण, हे मला आधी माझं ठरवू दे.”

ज्या माणसाने मला सायकल शिकवताना दोन महिने मागे धावून स्वतःचे गुडघे फोडून घेतले, तो माझ्याकडे मुदत मागत होता. मी हात टेकले. नाही म्हणायला हवं होतं, मला तेव्हाही ते माहीत होतं.

मंगळवारी पहाटे मी त्याच्या बसमध्ये जाऊन बसले. लॅब दहाला उघडते, तोवर त्याच्या दोन फेऱ्या होतात. दाराजवळची, अगदी पुढची, डावीकडची सीट. दादाने माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. बस निघाली आणि मी हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. सायकल. हातगाडी उभी आहे. बाई उतरतेय, थांब. रिकामं आहे. सायकल, सायकल अजून आहे. तो समोर बघत माझ्या शब्दांवर स्टिअरिंग हलवत होता. कंडक्टरला वाटलं घरगुती गप्पा चालल्यात. म्हणाला, ताई, तुमच्या गोष्टींत फारच सायकली असतात.

मला वाटत होतं मी लोकांचे जीव वाचवतेय. दहा वाजता मी उतरायची आणि त्यानंतर तो कसा चालवतो हा विचार मनात आला की हातातलं काम चुकायचं. दोन दिवसांत मी तीन कवळ्या बिघडवल्या. लॅबच्या मालकिणीने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, झोप नाही. तेही खरंच होतं.

गुरुवारी मला शिंक आली. एका शिंकेला किती वेळ लागतो? तेवढ्यात कडेने खांद्यावर शिडी घेऊन एक रंगारी चालला होता, आणि बसचा आरसा शिडीला लागला. शिडी त्याच्या हातून सुटली. तो वाचला. मागे उभा राहून त्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला तो मला ऐकू आला. वीस-पंचवीस पावलं पुढे गेल्यावर दादाने विचारलं, “काय होतं?” मी म्हटलं, शिडी. तो म्हणाला, “माणूस होता का?” मी होय म्हटलं. त्यानंतर पुढच्या तीन थांब्यांपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो, म्हणजे तो गप्प होता आणि मी सायकल, सायकल म्हणत होते.

शुक्रवारी मात्र सगळं सुरेख जमलं. माझा आवाज आणि त्याचे हात एक झाले होते. मी ‘हात’ म्हणेपर्यंत त्याने हातगाडीला वाट दिलेली असायची. पहिली फेरी संपवून बस डेपोत वळली तेव्हा तो प्रसन्न होता. म्हणाला, “बघितलंस? तू असलीस की गाडी कशी लोण्यासारखी चालते.”

आणि माझी छाती फुगली. खरंच फुगली, दुसरा शब्द नाही. दादा दुसरा आला त्या रविवारी फुगली होती अगदी तशीच. पुढच्याच क्षणी मला स्वतःची शिसारी आली. मी पुन्हा तेच करत होते. दिसत नसतानाही त्याला चालवता येईल असं काहीतरी मी पुन्हा बांधून दिलं होतं, आणि या वेळी ते इतकं चांगलं बांधलं होतं की तो चिठ्ठी कधीच देणार नव्हता.

मी म्हटलं, जरा पाय मोकळे करून येते. तो म्हणाला, पाच मिनिटं आहेत, लांब जाऊ नकोस.

डेपोच्या साहेबांची खोली पंचवीस पावलांवर आहे. मी आत गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. चार वाक्यं झाली. साहेबांना आधी वाटलं मी भावाची रजा मागायला आलेय. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं, आणि त्याला फार वेळ लावला. लेखी काही आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याच्या शर्टाच्या खिशात आहे, डाव्या. ते म्हणाले, बावीस वर्षांत या माणसाची माझ्याकडे एक तक्रार नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. खुर्ची सरकवून ते उठले आणि माझ्यामागून चालू लागले. त्यांच्या बुटांचा आवाज ऐकत ती पंचवीस पावलं चालताना मला कुठेतरी पळून जावंसं वाटत होतं. पण पळून जाऊन मी कुठे जाणार होते?

सुटायची वेळ होऊन गेली होती. बस भरली होती. कंडक्टरने दोनदा घंटी मारली, तरी बस हलली नाही. त्याने पुन्हा मारली आणि पुढे येऊन विचारलं, दादा, काय झालं, लोक ओरडतायत. मी तोवर बसच्या दारापाशी पोचले होते, त्याच्यापासून फार तर चार हातांवर. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून दादा पुढे वाकला होता आणि मला शोधत होता. उजवीकडच्या आरशात, समोर चहाच्या टपरीकडे, पुन्हा आरशात.

“थांब,” तो कंडक्टरला म्हणाला. “माझी बहीण यायची आहे.”

“दादा,” मी म्हणाले. “मी इथे आहे. डावीकडे.”

आवाजाच्या दिशेने त्याने अख्खी मान वळवली. मी सापडायला त्याला क्षणभर लागला. सापडले तसा त्याचा चेहरा सैल पडला, जत्रेत हरवलेलं मूल सापडल्यावर आईबापांचा पडतो तसा.

“ये, चढ पटकन, उशीर झालाय,” तो म्हणाला, आणि मग त्याला माझ्यामागे उभे असलेले साहेब दिसले.